कोपऱ्यापासून नऊ पावलं

१ जून २०२५, रविवार

काल निवृत्त झालो. एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. हार, मैसूरपाकाचा डबा आणि ही डायरी मिळाली. डायरी बघून आमची ही, संयोगिता, म्हणाली, "आता यात काय लिहिणार तुम्ही? दूध आलं, दूध तापलं?"

मी म्हटलं, बघू. शाळा कन्नडात झाली, कारखान्याचं रजिस्टर इंग्रजीत, बाजार पुन्हा कन्नडात. मराठी आमच्या घरात साडेतीनशे वर्षं बोलतात, पण लिहीत कुणी नाही. मी लिहीन. चुकलं तर तपासायला कोण येतंय!

पद्धत कारखान्यातलीच ठेवायची. जे मोजलं ते, जे डोळ्यांनी पाहिलं ते. मनाचं काही लिहायचं नाही.

८ जून, रविवार

स्मृतीला नोकरी लागली. हेब्बाळला, टेक पार्कमध्ये, सोळा तारखेपासून. आमच्या येलहंकाच्या घरापासून दहा किलोमीटर. पोरगी हुशार आहे, लागणारच होती.

प्रश्न एकच, जायचं कसं. कॉलेजला मी माझ्या मोटरसायकलवर सोडत होतो. आता मोतीबिंदू झालाय, डॉक्टरने गाडी बंद केली आहे. स्मृती म्हणाली, "बस आहे की अप्पा. सरळ जाते." मी म्हटलं, बसचं नाव काढायचं नाही. २००९ साली संयोगिताला सिटी बसने पाडलं, हेब्बाळच्या सिग्नलपाशी. डावा गुडघा तेव्हापासून पूर्ण वाकत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरातलं कुणी बसची पायरी चढलेलं नाही, आणि एकुलत्या एका पोरीला मी चढू देणार नाही.

"मग काय, उडत जाऊ?"

"स्कूटर घेऊ. आपली गाडी, आपला ताबा."

ही आत पोळ्या लाटत होती. लाटणं जरा जोरात आपटत होतं.

१५ जून, रविवार

स्कूटर आली. पांढरी घेतली, म्हणजे अंधारात दिसते. लायसन्स मागच्याच महिन्यात काढलं होतं. त्याआधी मागून आणलेल्या जुन्या स्कूटरवर सरकारी शाळेच्या मैदानात आठवडाभर सराव करून घेतला. आठचा आकडा काढताना दोनदा पाय टेकवले तिने. मी मागून ओरडत होतो, "पाय नको, ब्रेक!" तिने हेल्मेट काढलं तेव्हा केस घामाने चिकटलेले.

थोडी घाबरते. सवय होईल. मीसुद्धा घाबरायचो.

१६ जून, सोमवार

सकाळी ७.५० ला गेली. संध्याकाळी ६.४० ला आली. ठीक.

१७ जून, मंगळवार

७.५० ला गेली. विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, "सरी आहे, अप्पा." सरी म्हणजे कन्नडात ठीक. आणि सरळ खोलीत गेली. जेवली नीट.

४ जुलै, शुक्रवार

सगळं सुरळीत. रोज सकाळी वीस मिनिटं आधी निघते, स्वतःहून. शिस्त अंगात यायला लागली. गाडी इतकी स्वच्छ ठेवते की चाकांना चिखल नाही. पेट्रोलचं विचारलं तर म्हणाली, हेब्बाळला भरते.

संध्याकाळी मंजुनाथकडे उदबत्ती आणायला गेलो. त्याचं पूजेच्या सामानाचं दुकान बसथांब्याच्या अलीकडे, तीन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर आहे. आमच्या घरापासून सव्वा किलोमीटर. चाळीस वर्षांची ओळख. मी म्हटलं, "बघ, पोरगी कशी एकटी हेब्बाळला जाते रोज! बस काय, रिक्षा काय, कुणाच्या उपकारात नाही."

मंजुनाथला खोकला आला. पाणी पिऊन म्हणाला, "सरी, सरी, सयाजी अण्णा. हुशार आहे तुमची स्मृती." आणि उदबत्तीच्या दोन पुड्या जास्त बांधून दिल्या. मी नको म्हटलं तरी ऐकेना.

२३ जुलै, बुधवार

स्मृतीने महिन्याभरात तीन पुस्तकं संपवली. तिसरं चारशे पानांचं. मी हिला म्हटलं, या ऑफिसात काम आहे की नाही? ही म्हणाली, "वाचते ना? मग वाचू द्या." पुस्तक चाळलं तर आत खुणेला बसचं तिकीट, बायकांना फुकट मिळतं ते शून्य रुपयांचं. मैत्रिणीचं असेल. पुस्तक मागून आणलेलं दिसतंय.

हिच्या डाव्या गुडघ्यासाठी दुकानातून चांगला पट्टा आणला. हिने एकदा हातात घेऊन बघितला आणि कपाटात ठेवून दिला. आणलेल्या वस्तूची किंमतच नाही या घरात.

१४ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी पाचपासून धो धो. सगळा येलहंका पाण्यात. मी दारात येरझारा घालत होतो. ही आत शांतपणे टीव्ही बघत बसलेली. पाऊस ओसरल्यावर आठ वाजता स्मृती आली. कपडे कोरडे, गाडीही फारशी भिजलेली नाही, पण हातातली छत्री ओली. मी घेऊन दिलेल्या रेनकोटची घडी मोडलेली नाही.

विचारलं, स्कूटरवर छत्री कशाला? म्हणाली, "पार्किंगपासून ऑफिसपर्यंत." बरोबर आहे. माझ्या ते लक्षात आलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज जे कळलं ते क्रमाने लिहितो. 

बुधवारी आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी. त्याआधी गाडीची सर्व्हिसिंग करून स्मृतीला चकित करावं म्हणून, ती झोपलेली असताना किल्ली घेतली आणि गाडी ढकलत गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिककडे नेली. त्याने किल्ली फिरवली, पडद्यावर आकडा आला. तो हसला. "सार, गाडी शोकेसमध्ये ठेवली होती काय?"

२०५ किलोमीटर.

रोजचे वीस. पंधरा आठवडे, सुट्ट्या वजा जाता बहात्तर दिवस. चौदाशे चाळीस व्हायला हवेत. २०५ भागिले ७२ म्हणजे पुरते तीनही नाहीत. मंजुनाथच्या दुकानापर्यंत जाऊन येऊन अडीच होतात. दुकानापुढे बसथांबा. मला तिथेच उभ्या उभ्या सगळं दिसलं. तीन महिने हा आकडा घरात उभा होता आणि मी किल्ली फिरवून बघितली नाही. एकतीस वर्षं लोकांची मापं काढली मी!

घरी येऊन विचारलं. स्मृतीने लपवालपवी केली नाही. म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी अर्ध्या वाटेतून परत आले, अप्पा. उड्डाणपुलाच्या उतारावर डावीकडून बाइक घुसतात, उजवीकडून कॅब, मागून टँकर हॉर्न मारतो. माझे हात बधिर झाले. मंजुनाथकाकांच्या शेडमध्ये गाडी लावली आणि बसमध्ये चढले. तेव्हापासून रोज."

"सवय झाली असती."

"मला सवय होईपर्यंत कुणी तरी मेलं असतं. मी नाही तर दुसरं कुणी. अप्पा, बसमध्ये साठ माणसं असतात आणि ड्रायव्हर एक. तो दिवसभर तेच काम करतो. तीच साठ माणसं स्कूटर घेऊन निघाली की रस्त्यावर साठ ड्रायव्हर, साठ जणांची घाई. आणि त्यात माझ्यासारखी एक, जिला आठचा आकडा येत नाही. तुम्ही म्हणता आपली गाडी, आपला ताबा. माझा ताबा फक्त माझ्या हँडलवर आहे हो!"

मी म्हटलं, "बसने तुझ्या आईचा गुडघा घेतला."

तेव्हा ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "बसने नाही घेतला. बस सिग्नलला उभी होती. थांबा पुढे होता. तुम्ही म्हणालात, उतर इथेच, पुढे जायला दहा मिनिटं लागतील. तुम्ही उडी मारून उतरलात. मी साडीत. एक पाय खाली ठेवला आणि सिग्नल सुटला."

असेल. मला तसं आठवत नाही.

म्हणजे आईला माहीत, मंजुनाथला माहीत, आणि मी गावभर पोरीचं कौतुक सांगत फिरतोय. मला तिघांनी मूर्ख बनवलं. मी आजपासून कुणाशी बोलणार नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

तिसरा दिवस. बोलत नाही. ही ताट वाढून जाते, मी जेवतो. मंजुनाथ दारापर्यंत येऊन गेला. मी झोपेचं सोंग घेतलं.

संध्याकाळी स्मृती पायाशी येऊन बसली. "अप्पा, उद्या-परवा सुट्टी. शुक्रवारपासून गाडीने जाते. हेब्बाळपर्यंत. पण बोला हो."

मी म्हटलं, "घाबरणार नाहीस?"

"घाबरेन. पण जाईन."

मी बोललो. शेवटी पोरगी माझीच आहे. बरं वाटलं. ही मात्र रात्री जेवायला बसली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. सकाळी माझी मोजमापाची व्हर्नियर पट्टी, हिची विळी, स्मृतीचा लॅपटॉप यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. मग गाडी. आमची गल्ली नळासाठी खोदलेली आहे, म्हणून पूजा मंजुनाथच्या कोपऱ्यावर करायचं ठरवलं. स्मृती हळूहळू चालवत, मी बाजूने चालत. शहरातली प्रत्येक गाडी आज नवरीसारखी. बसलासुद्धा केळीचे खांब बांधलेले.

मंजुनाथशी बोलणं पुन्हा चालू केलं. सणाच्या दिवशी काय धरून बसायचं! त्याच्याकडून सगळ्यात मोठा कोहळा घेतला, चार किलोच्या वरचा. वरून झाकण कापलं, आत कुंकू आणि चुना भरला, वर कापूर पेटवला. चाकांखाली लिंबं ठेवली, स्मृतीने ती चिरडली. मग कोहळा गाडीवरून आणि तिच्यावरून तीनदा उतरवला. वाटेवरची सगळी नजर, सगळे अपघात यात जाऊ देत, असं मनापासून म्हटलं.

मंजुनाथ म्हणाला, "अण्णा, स्वल्प बाजूला. इथे दुकानाच्या कडेला फोडा, मी संध्याकाळी झाडून घेतो."

मी म्हटलं, कडेला कचरा टाकतात. दृष्ट रस्त्यातच उतरवायची. पण कोपऱ्यावर लोकांचे दहा-बारा आधीच फुटलेले, आणि मला मोकळी जागा हवी होती. म्हणून कोपऱ्याच्या दगडापासून पावलं टाकत गेलो. आठव्या पावलाला कुणाचा तरी होता. नवव्याला रस्ता स्वच्छ, बरोबर जिथून गाड्या मोठ्या रस्त्याला वळतात. तिथे फोडला. एका फटक्यात चार तुकडे, सगळीकडे लालभडक. पूजा मनासारखी झाली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्रीपासून भुरभुर. काल दिवसभर सुट्टी असल्याने रस्ते कुणी झाडले नव्हते.

स्मृती निघायच्या आधी मी घरातून निघालो, मंजुनाथच्या दुकानापाशी छत्री घेऊन उभा राहिलो. तिला सांगितलं नव्हतं. मला तिला मोठ्या रस्त्याला लागताना बघायचं होतं. आठ वाजून पाच मिनिटांनी ती आली. हेल्मेटचा पट्टा लावलेला, वेग कमी, वळायचा दिवा लावलेला. मंजुनाथला म्हटलं, "बघ, कशी चालवते!"

वळताना पुढचं चाक सरकलं. गाडी तिच्यासकट आडवी झाली. फार आवाज झाला नाही. गाडी एकीकडे गेली आणि स्मृती रस्त्यावर घसरत दुसरीकडे. मागून पाण्याचा टँकर येत होता. त्याने ब्रेक दाबला, टँकर थोडा वाकडा झाला, थांबला. टँकरचं पुढचं चाक आणि स्मृतीचं हेल्मेट यांत बावीस-तेवीस इंच. मी पट्टी लावली नाही, पण मला अंतर कळतं.

तिचा कुर्ता गळ्यापासून कमरेपर्यंत लाल. मी ओरडलो. मंजुनाथ धावत पोचला आणि त्याने ओरडून सांगितलं, "रक्त नाही अण्णा! कुंकू आहे, कुंकू!"

दवाखान्यात एक्स-रे. उजव्या मनगटाची दोन हाडं मोडली. कोपर सोललेलं. बाकी ठीक. डोक्याला काही नाही. नर्स कोपर पुसत होती, तिने चिमट्याने एक पांढरी चपटी बी काढली आणि विचारलं, "हे काय?"

स्मृती म्हणाली, "डब्यातली काकडी असेल. डबा सांडला ना."

डब्यात आज चित्रान्न होतं. हिने भरताना मी समोर होतो. काकडी नव्हती.

स्मृती माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

४ ऑक्टोबर, शनिवार

झोप लागली नाही. पडल्या पडल्या मी हिशोब मांडत होतो की त्या कोपऱ्यावर कमीत कमी वीस कोहळे होते. कुणाचाही असू शकतो. पाऊस होता. टायर नवे होते. टँकरमधून पाणी सांडत होतं.

सकाळी सहाला कोपऱ्यावर गेलो. दगडापासून पावलं टाकली. गाडी घसरल्याची रेघ अजून दिसते, लाल, लांब, मग पांढरी. ती रेघ नवव्या पावलाला सुरू होते. पुन्हा मोजलं. मग रेघेपासून उलट मोजत दगडापर्यंत आलो. नऊ.

कारखान्यात नवी पोरं यायची त्यांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, माप तीनदा घ्या. दुसऱ्याचा माल नापास करायला अक्कल लागत नाही. चूक स्वतःची निघाली की लाल खडूने फुली मारा आणि टेबलावर सगळ्यांसमोर ठेवा, खिशात घालू नका.

मी पोरीला माझ्या हट्टाने गाडीवर बसवलं आणि तिच्या वाटेत माझ्या हाताने निसरडं केलं. तिला काही होऊ नये म्हणून केलं. हेच खरं आहे, दुसरं काही नाही.

मंजुनाथ दुकान उघडत होता. त्याच्याकडून खराटा, बादली आणि जुनं पत्र्याचं झाकण मागून घेतलं. माझा कोहळा खरवडला. मग आठव्या पावलावरचा. मग बाकीचे. दोन दिवसांत सगळं कुजून चिकट झालेलं, वास सुटलेला. येणारेजाणारे हॉर्न मारत होते. एक मोटरसायकलवाला ओरडला, "अज्जा, मरायचंय काय?" मी म्हटलं, तू सावकाश जा.

मंजुनाथ बादली भरून देताना म्हणाला, "देवाची कृपा, अण्णा. एवढा मोठा कोहळा फोडलात म्हणूनच टँकर थांबला. नाही तर काय झालं असतं!"

शेजारच्यांनीही काल हेच सांगितलं. मी बादली घेतली आणि पुढचा कोहळा खरवडायला लागलो.

६ ऑक्टोबर, सोमवार

स्मृतीला सांगितलं. ती खाटेवर बसली होती, प्लास्टरवाला हात उशीवर. मी उभा राहूनच म्हटलं, "तू ज्यावरून घसरलीस तो माझा कोहळा होता. मी मोजून आलो."

"माहीत आहे, अप्पा. फोडलात तेव्हा मी गाडीवरच बसले होते ना."

"मग नर्सला काकडी का म्हणालीस?"

"तुमचा चेहरा बघवत नव्हता." मग म्हणाली, "मला तो दिसला होता. टाळायचा तर उजवीकडे घ्यायला हवं होतं. उजवीकडे आरशात टँकर. म्हणून कोहळ्यावरून नेली."

तेवीस वर्षांची पोर. अर्ध्या क्षणात तिने टँकर आणि माझा कोहळा यांतलं एक निवडलं, आणि मी रस्त्याकडेला छत्री धरून कौतुक करत होतो. मला रडू आलं. ती डाव्या हाताने माझी बाही धरून म्हणाली, "ऐयो अप्पा, हात मोडलाय, मी मेले नाही." त्यावर जास्तच रडू आलं. दारात ही उभी होती. पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवून गेली.

मनाचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

स्कूटर मंजुनाथच्या शेडमध्ये आहे. आरसा आणि एक बाजू गेली. तो विचारतो, दुरुस्त करून विकू का? स्मृती म्हणाली, विका. मी हो म्हटलं. थांब्यापर्यंत ती चालत जाणार आहे. सव्वा किलोमीटर, पंधरा मिनिटं.

मंजुनाथला मी सांगून ठेवलं आहे, पुढच्या वर्षी तुझ्या दुकानापुढे रिकामं पिंप ठेव आणि जो कोहळा घेईल त्याला त्यातच फोडायला सांग. म्हणाला, "लोक ऐकणार नाहीत, अण्णा. तुम्ही तरी ऐकलंत का?" मी म्हटलं, मी दिवसभर पिंपाशी उभा राहीन.

२७ ऑक्टोबर, सोमवार

स्मृती आजपासून कामावर. हात अजून गळ्यात, म्हणून पहिले काही दिवस मी बरोबर जाणार. बसने. सोळा वर्षांनी.

चढताना पायरी उंच वाटली. आत एका मुलीने शेजारच्या जागेवर पर्स ठेवून जागा धरली होती. स्मृती दिसताच पर्स उचलली आणि म्हणाली, "किती दिवस झाले!" कंडक्टरनेही प्लास्टर बघून विचारलं, काय झालं. ड्रायव्हर आरशातून बघत होता, ती बसेपर्यंत त्याने बस हलवली नाही. तीन महिने ही माझी पोरगी इथे रोज यायची आणि ही सगळी तिची ओळखीची माणसं. मला एकही नाव माहीत नव्हतं. मी मागे उभा राहिलो. मग एका कॉलेजच्या पोराने उठून जागा दिली, बसलो.

उड्डाणपुलाच्या उतारावर दुतर्फा दुचाक्या अडकलेल्या. वरून बघितलं तर प्रत्येक हेल्मेट पुढे घुसायची फट शोधतंय. मी चाळीस वर्षं त्यातच होतो, पण वरून कधी बघितलं नव्हतं.

हेब्बाळच्या थांब्याअलीकडे सिग्नल लागला. तोच सिग्नल. दार उघडल्याबरोबर सात-आठ माणसांनी खाली उड्या मारल्या आणि गाड्यांमधून वाट काढत निघाली. थांबा पुढे दिसत होता. मला कळायच्या आत मी उठून दाराशी गेलो होतो, एक हात दांडीला. मागे वळून म्हणणार होतो, उतर इथेच. तोंडात शब्द तयार होता.

स्मृती जागेवरूनच म्हणाली, "अप्पा, थांबा पुढे आहे."

मी परत येऊन बसलो. घड्याळ लावलं. सिग्नल सुटून बस थांब्याला लागेपर्यंत चार मिनिटं वीस सेकंद. त्या दिवशी मी दहा मिनिटं म्हणालो होतो.

तिला ऑफिसच्या दारात सोडलं आणि परतीच्या बसने आलो. सगळ्या वाटेत एकच गोष्ट डोळ्यांसमोर. २००९ साली उतरून चार पावलं पुढे गेल्यावर मागे हिची हाक आली होती, आणि मी वळायच्या आधी म्हणालो होतो, "चल लवकर." हे मला आठवत होतं. सप्टेंबरमध्येही आठवत होतं.

घरी आलो. ही घेवडा निवडत बसलेली. मी चप्पल न काढताच म्हटलं, "तुला बसने नाही पाडलं. मी उतर म्हणालो होतो. घाई माझी होती."

तिने हातातली शेंग मोडली, शीर काढली, टोपलीत टाकली. म्हणाली, "सोळा वर्षं लागली तुम्हाला."

मी विचारलं, "डावा गुडघा अजून फार दुखतो का?"

"उजवा," ती म्हणाली.

मी खाली बसलो. तिने साडी जराशी वर घेतली आणि मी जवळून बघितलं. उजव्या गुडघ्यावर वाटीखाली टाक्यांची खूण, तीन इंच. डावा साफ आहे.

आता मागची पानं काढली. ८ जून आणि २३ जुलै, दोन ठिकाणी डावा लिहिलं आहे. दोन्हींवर लाल पेनाने फुली मारली. डायरी मिटली नाही. टेबलावर उघडीच ठेवली आहे, तिला दिसेल अशी.